सुनेचा आवाज

ओरिनशाचा फोन आला तेव्हा मी गाळ्यावर घोड्याच्या बरगड्या सोडवत होते. दोन्ही हात मिठानं आणि रक्तानं भरलेले, फोन मान वाकडी करून खांद्यात धरलेला.

"शनिवारी दुपारी जेवायला या," ती म्हणाली. "दोन शब्द बोलायचेत. तुझ्या आईलाही घेऊन ये."

"कोणते दोन शब्द?"

"ते इथंच बोलू," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

आमच्या तराझ शहरात व्याह्यांनी नुसतं जेवायला बोलावलं तर जेवण असतं. दोन शब्दांसाठी बोलावलं तर घास घशाखाली उतरत नाही, हे ठरलेलं. माझी तळपायाची आग तिथंच मस्तकात गेली. पुढचं गिऱ्हाईक म्हणालं, कुलपाश, जरा चरबी जास्त घाल. मी म्हटलं, चरबी माझ्या विहिणीकडे भरपूर आहे, तिच्याकडून ने. बिचारं मुकाट्यानं दुसऱ्या गाळ्यावर गेलं.

ओरिनशा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, तोल्किनची सासू. त्या दोन शब्दांत काय असणार ते मला माहीत होतं. तोल्किनला गेल्या काही आठवड्यांपासून पुन्हा फिट यायला लागल्या होत्या आणि तिच्या मांडीवर पहिलं पोर होतं. पहिलं पोर म्हटलं की आमच्याकडे काय होतं ते मला कुणी शिकवायला नको.

आमच्यात पहिलं पोर आजीआजोबांचं. सून बाळंत झाली की सासू म्हणते, हे माझं, तू दुसरं आण. मग ते पोर आजीच्या कुशीत झोपतं, आजीला आई म्हणतं आणि जिनं जन्म दिला तिला वहिनी म्हणतं. मी तसलंच पोर. बाल्झान माझी सख्खी आई, पण मी तिला आजही वहिनीच म्हणते. तोल्किन झाली तोवर मी चांगली घोडी झाले होते. तिला मात्र वहिनीनं स्वतःच्या कुशीत वाढवलं, आणि मी दारात उभी राहून ते बघायची. आजीनं माझे लाड कमी केले नाहीत, खोटं कशाला बोलू. पण ती रीत चांगली आहे असं मला कुणी सांगायला आलं तर मी त्याच्याशी गोड बोलत नाही.

तोल्किनला लहानपणापासून फिट. वर्गात पडायची, बाजारात पडायची. वहिनीनं काय केलं? झाकलं. मुलीची जात आहे, उद्या लग्न व्हायचंय, कुणाला कळता कामा नये. डॉक्टरकडे न्यायचं सोडून पोरीला फुंकर मारणाऱ्या बायकांकडे फिरवली. एका बाईनं शिसं वितळवून तिच्या डोक्यावर धरलेल्या पाण्यात ओतलं, दुसरीनं मेंढीच्या फुप्फुसानं बडवली. गोळ्या सुरू झाल्या त्या मी तिला शाळेतून घरी उचलून आणलं त्या दिवसानंतर. गोळ्यांनीही भागेना तेव्हा मी गाळा बंद केला आणि तिला नि वहिनीला घेऊन अल्माटीच्या मोठ्या इस्पितळात गेले.

तिथं तिच्या डाव्या खांद्याजवळ, गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक चपटी डबी बसवली. तिची तार मानेतल्या एका नसेला गुंडाळलेली. दर थोड्या मिनिटांनी ती डबी अर्धं मिनिट नसेला विजेचे बारीक झटके देते, नस ते मेंदूला पोचवते, आणि डोक्यात उठणारं वादळ उठायच्या आत बसतं. सगळंच बसतं असं नाही. पण जी पोरगी आठवड्याला पडायची ती सणावारी पडायला लागली, आणि पुढं पुढं तेही विसरलो.

सोबत दोन चुंबक दिले. एक मनगटाला घड्याळासारखा बांधायचा, एक जादाचा. डॉक्टरीणबाई कडक होत्या. त्यांनी आम्हा तिघींना समोर बसवून सांगितलं, "फिट येतेय असं वाटलं की चुंबक छातीवरच्या डबीवरून एकदा फिरवायचा आणि लगेच बाजूला घ्यायचा. टेबलावरचं पीठ पुसतात तसं. म्हणजे डबी जास्तीचा झटका देते. पण तिथं ठेवायचा नाही. ठेवलात तर डबी गप्प बसते, चुंबक हलेपर्यंत गप्प." मी मान डोलावली, तोल्किननं मान डोलावली. वहिनी ओठांतल्या ओठांत दुवा पुटपुटत बसली होती.

त्या डबीची एकच खोड. झटका चालू असला की तोल्किनचा आवाज घोगरा व्हायचा. बोलता बोलता मध्येच फाटायचा आणि अर्ध्या मिनिटानं परत जागेवर यायचा. ती मुलांच्या संगीतशाळेत दोन तारांचा दोंब्रा शिकवते, गातेही. गाणं असलं की चुंबक डबीवर दाबून धरायची, गाणं होईपर्यंत डबीला झोपवायची, आणि झालं की काढायची. पोरं विचारायची, बाई, छातीवर हात का ठेवता? ती म्हणायची, गाण्याला शपथ घालते.

अशा मुलीला दौरेननं मागणी घातली. सगळं माहीत असून. बस थांब्यावर ती पडली होती तेव्हा ह्यानंच तिच्या डोक्याखाली स्वतःची टोपी ठेवली होती. ओरिनशानं नाक मुरडलं, पण पोरापुढं तिचं चालेना. शेवटी दोन्ही घरांनी मेंढीच्या शेपटीची चरबी आणि काळीज एका ताटात खाल्लं, म्हणजे नातं पक्कं झालं. तेव्हाही तिनं एक अट घातलीच. आजाराचं आमच्या पाहुण्यांत कुणाला कळता कामा नये. आणि ह्या अटीवर सगळ्यांच्या आधी हो कोण म्हणालं? आमची वहिनी. दोघी विहिणींचं जन्मात एकाच गोष्टीवर एकमत झालं, ते झाकाझाकीवर.

उन्हाळ्यात तिला अल्दियार झाला. चाळिसाव्या दिवशी चाळीस चमचे पाण्यानं अंघोळ घालतात तो सोहळा ओरिनशानं थाटात मांडला. मी गेले तर तोल्किनचं मनगट मोकळं.

"चुंबक कुठाय?" मी विचारलं.

"सासूबाई म्हणाल्या, एवढ्या बायका येणार, विचारतील हे काय बांधलंय. बाळालाही टोचतो म्हणे. पर्समध्ये आहे, ताई, जवळच असतो."

आणि तिच्या झग्याच्या आत, डाव्या बाजूला, पिनेनं टाचलेला चामड्याचा तिकोनी तुमार, आमच्याकडचा ताईत, दिसला. नवा कोरा, जाडजूड.

"हे आणि काय?"

"आईनं दिलाय. दृष्ट लागू नये म्हणून. बाळंतिणीनं झोपेतही काढायचा नाही म्हणाली." तोल्किन हसली. "घालते बापडी. तिला तेवढंच समाधान."

तुमारात दुवा लिहिलेला कागद असतो हे शेंबडं पोरही सांगेल. तुमार उसवायचा नसतो आणि आत काय आहे ते विचारायचंही नसतं, नाहीतर त्याचा गुण जातो. मी पण विचारलं नाही. दुवाच ती, एखादी असली काय नि नसली काय.

त्यानंतर जी ती म्हणायला लागली, तोल्किनचा आवाज काय मोकळा झालाय. खरंच झाला होता. फोनवर बोलायची तर झऱ्याच्या पाण्यासारखा, कुठं अडकणं नाही, फाटणं नाही. ओरिनशा शेजारणींना सांगत सुटली, पोर झालं आणि आमच्या सुनेचा घसा सुटला. वहिनी म्हणाली, तुमाराचा गुण. आणि मग फिट आल्या. आधी एक, स्वयंपाकघरात. मग एक अंगणात. मग मोजायचं सोडलं.

तोल्किननं ओळखलं होतं काहीतरी बिघडलंय. "ताई, घशात झटक्याची ती ओढ जाणवतच नाही आता," मला म्हणाली. "पर्समधला चुंबक काढून फिरवला, तरी काही नाही. बॅटरी संपली असणार." अल्माटीला फोन केला, त्यांनी तपासायला या म्हटलं. ओरिनशा म्हणाली, इतक्या लहान बाळाला घेऊन एवढ्या लांब कोण जाणार, सोगिम उरकू दे, मांस भरून होऊ दे. सोगिम म्हणजे थंडीसाठी घोडा कापायचे दिवस. मी भांडले तर म्हणाली, आमच्या घरातलं आम्ही बघू. आणि आता हे दोन शब्द.

शनिवारी मी वहिनीला घेऊन गेले. सोबत माझ्या हातची काझी, घोड्याच्या मांसानं भरलेली लांब आतडी, आणि माझी सुरी. दुसऱ्याच्या घरच्या बोथट सुरीनं मांस कापायला मला आवडत नाही. दारातच ओरिनशा म्हणाली, "सुरी घेऊन आलीस? आमच्याकडे पुरुष कापतात मांस."

"तुमच्याकडे पुरुष बरंच काही करत नाहीत, विहीणबाई. मांस तरी नीट कापलं जाऊ दे."

बसलो. सासरा वरच्या जागी, मिशीत हात, तोंडाला कुलूप. त्याच्या शेजारी दौरेन, मान खाली. ओरिनशाच्या मांडीवर अल्दियार. आणि तोल्किन सगळ्यांना चहा देत होती, पेल्यात थोडा थोडा, रीतीप्रमाणे, डोळ्यांखाली काळं आलेलं, कपाळावर कुठं तरी आपटल्याची खूण. ह्या पोरीच्या हातून मुलाला उचललं होतं पण चहाचा समोवार काढला नव्हता. उकळत्या पाण्यापाशी बसलेली चालते, पोराला घेतलेली चालत नाही.

मग परात आली. व्याह्यांपुढं कमरेचं हाड ठेवायचं ही आमची रीत. जगबुडी झाली तरी व्याह्याला कमरेचं हाड मिळतं. मी परातीत बघितलं. बरगडी होती, काझी होती, मांडीचं होतं. कमरेचं हाड नव्हतं. मी वहिनीकडे बघितलं. तिनंही बघितलं होतं. मी माझी सुरी काढली आणि मांस कापायला घेतलं.

"आता बोलतेच," ओरिनशा म्हणाली. "आम्ही वाईट माणसं नाही. झाकून आणलेला माल—"

"झाकायला कुणी सांगितलं होतं?" मी म्हटलं.

"मध्ये बोलू नकोस. तर सांगायचं म्हणजे, ते लोखंड निकामी झालंय. मी एका जाणत्या बाईला विचारलं, ती म्हणाली अंगातलं लोखंडच वाईट वारं ओढून घेतंय. तेव्हा अल्माटीला जाऊन ते काढून टाकायचं. आणि तोल्किननं माहेरी जाऊन राहायचं, बरं वाटेपर्यंत."

"आणि अल्दियार?"

"अल्दियार माझा. पहिलं पोर आहे. रीतच आहे ती, आजारपण नसतं तरी मीच वाढवला असता. आज ती पोराला घेऊन पडली तर? चुलीवर पडली तर? मला सांग, कुलपाश, तू एवढी शहाणी आहेस."

खरं सांगते, ह्या शेवटच्या बोलण्याचाच मला जास्त राग आला. भीती खोटी नव्हती तिची. पण त्या खऱ्या भीतीच्या आडून तिनं पोर स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं होतं. बरं वाटेपर्यंत, म्हणे. मला माहीत आहे ते बरं वाटेपर्यंत. पोर आजीला आई म्हणायला लागलं की सगळ्यांना बरं वाटतं.

तोल्किन म्हणाली, "सासूबाई, मी खाली बसूनच घेईन त्याला. जमिनीवर गादी टाकून. दूध तरी पाजू द्या." आवाज स्वच्छ, मोकळा, एक चरा नाही त्यावर. इतक्या सुंदर आवाजात माणसानं भीक मागावी हे मला बघवेना.

आणि तेवढ्यात वहिनी बोलली. म्हणाली, "त्यात एवढं वाईट काय आहे, पोरी? आमच्या कुलपाशलाही आजीनंच वाढवलं. काय बिघडलं तिचं?"

माझ्या हातातली सुरी थांबली. "काय बिघडलं?" मी म्हटलं. "तू विचारतेस, वहिनी? मला ताप आला की मी कुणाला हाक मारायची तेच मला कळायचं नाही. तू शेजारच्या खोलीत असायचीस आणि येत नव्हतीस. काय बिघडलं ते आता, ह्यांच्या परातीवर बसून मोजू?"

"कुलपाश," सासरा पुटपुटला. त्याचा तेवढाच एक शब्द.

माझं पुढचं तोंडातच राहिलं. पेला फुटल्याचा आवाज आला. तोल्किन चहा ओतता ओतता एका कुशीवर कलली, नजर वर गेली, दात घट्ट आवळले आणि अंग ताठ होऊन झटके द्यायला लागलं. मी समोवार ढकलला, परात ढकलली. दौरेन माझ्या आधी पोचला. त्यानं तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी सारली. तोवर सगळं बरोबर होतं. मग त्यानं तिच्या झग्यात हात घातला आणि तो तुमार तिच्या छातीवर जीव खाऊन दाबून धरला.

"हे काय करतोयस?"

"चुंबक आहे आत," तो म्हणाला. त्याचे डोळे भरलेले. "माझ्या आईनं सांगितलंय. पडली की दाबून धर. सोडायचा नाही."

"कशात आहे चुंबक?"

"तुमारात, ताई."

मी त्याचा हात झटकला, चामडं ओढून सुरीनं पिनेपासून कापलं, आणि ते सुटलेलं चामडं पात्याला चिकटलं. घट्ट. झटकलं तरी सुटेना. सगळ्यांनी बघितलं. माझी हाडं सोडवायची सुरी, आणि तिला लटकलेला आमच्या वहिनीचा तुमार.

मग माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. डॉक्टरीणबाई. टेबलावरचं पीठ. ठेवायचा नाही, ठेवलात तर डबी गप्प. गाताना दाबून धरणारी तोल्किन. आणि तो आवाज, ज्याचं सगळ्या गल्लीनं कौतुक केलं, तो झऱ्यासारखा आवाज. डबी बंद होती म्हणून मोकळा होता तो. दिवसरात्र बंद. झोपेतही काढायचा नाही ना.

पर्समधला चुंबक फिरवूनही का लागू पडत नव्हता तेही कळलं. एक चुंबक छातीवर चिकटून बसलेला असताना दुसरा फिरवून काय उपयोग. तुमार मी तसाच सुरीसकट लांब फेकला आणि तोल्किनचा हात धरून बसले. हळूहळू झटके थांबले, श्वास सुरळीत झाला, आणि ती झोपून गेली, फिटनंतर झोपते तशी. ओरिनशा पोराला छातीशी धरून भिंतीला टेकली होती.

"हा कुणी शिवला?" मी विचारलं.

खरं तर विचारायची गरजही नव्हती. तिकोनाच्या कडेचे ते बारीक उलटे टाके मी जन्मभर माझ्या बाह्यांवर बघितलेत.

"वहिनी, तुला विचारतेय."

"जादाचा होता तो," वहिनी म्हणाली. "घरी नुसता पडून होता. विहीणबाईंनी तिच्या मनगटावरचा काढायला लावला, मग पोर बिनचुंबकाची राहिली. म्हटलं तुमारात घालते. कुणाला दिसायचंही नाही, आणि डबीच्या अगदी जवळ राहील. जेवढा जवळ तेवढा बरा ना? तिला सांगितलं असतं तर तिनं चारचौघांत बोलून दाखवलं असतं. विहीणबाईंना सांगितलं होतं मी. वेळेला दाबा म्हणून."

"डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं?"

"मला कुठं ऐकू येत होतं तेव्हा. मी दुवा मागत होते."

"मागत बस," मी म्हटलं. "दोघी मिळून मागा. तुम्ही दोघींनी मिळून तिची डबी बंद केलीत. एकीनं लाजेपायी मनगट मोकळं केलं, दुसरीनं लाजेपायी चुंबक शिवला, आणि ह्या गाढवानं तो दाबून धरला. आणि वर लोखंड निकामी. लोखंडाला बोलता येत नाही म्हणून बरंय. चांगलं चाललेलं यंत्र गळा दाबून गप्प केलंत, आणि आता तेच उपटून काढायला निघालात, पोर काढून घेऊन पोरीला घराबाहेर काढायला निघालात. जाणत्या बाईला विचारलं, म्हणे. अहो, स्वतःच्या सुनेला विचारलं असतं तर तिनं नसतं सांगितलं? तिच्या अंगावर काय टाचलंय ते तिला सोडून सगळ्या घराला माहीत."

दौरेन म्हणाला, "गाताना ती धरून ठेवायची, ताई. मला वाटलं जेवढा वेळ धरू तेवढं चांगलं."

"ते गाण्यासाठी होतं, दौरेन. बायकोला विचारायचंस कधी तरी."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचा मला राग होता, पण ह्या घरात रडणारा तो एकटाच होता हेही मी बघितलं.

मग आम्ही थांबलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. परातीतलं मांस गार होत होतं, वरची चरबी पांढरी पडली होती. तोल्किनचे डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं, कपाळाला हात लावला, मग छातीला. तुमार नव्हता. तिनं तोंड उघडलं.

"अल्दियार कुठाय?"

आवाज फाटला. अर्ध्या शब्दात खरखरला आणि तसाच राहिला, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. तिनं गळ्याला हात लावला. मग मला म्हणाली, तशाच घोगऱ्या आवाजात, "ताई, ओढ लागली. चालू आहे. चालू आहे ही."

मी तेव्हा रडले. बाजारात मला रडताना कुणी बघितलेलं नाही.

"परत फाटला आवाज," ओरिनशा म्हणाली. तेवढंच दिसलं तिला.

"फाटू दे," मी म्हटलं. "हाच तिचा आवाज आहे. हा ऐकू येतोय तोवर तुमच्या नातवाची आई उभी आहे. झऱ्यासारखा झाला की मला फोन करा."

"ते असू दे. रीत ती रीत. पहिलं पोर—"

दौरेन उठला. आईपाशी गेला, खाली वाकला आणि तिच्या हातातून अल्दियारला उचललं. ती सोडेना. त्यानं जोर केला नाही, नुसतं धरून ठेवलं. म्हणाला, "आई, तुझं पोर मी आहे. हे तिचं आहे." ओरिनशाचे हात सुटले. त्यानं गादीवर बसून मुलाला तोल्किनच्या कुशीत दिलं, आणि स्वतः पाठीमागून टेकू देऊन बसला. ती पडली असती तर त्याच्या अंगावर पडली असती. एवढं सोपं होतं ते. इतके आठवडे कुणाला सुचलं नव्हतं.

तेव्हा सासऱ्यानं मिशीतला हात काढला. "व्याह्यांचं हाड कुठंय?" त्यानं बायकोला विचारलं. "आण."

ओरिनशा आत गेली आणि कमरेचं हाड घेऊन आली. म्हणजे शिजवलं होतं. शिजवून हंडीत झाकून ठेवलं होतं, आम्ही मान तुकवतो का ते बघून वाढायला. तिनं ते वहिनीपुढं ठेवलं. वहिनीनं रीतीप्रमाणे एक तुकडा तोडला, खाल्ला, दुवा दिली. मी शिवलेही नाही. सुरी शोधली, तुमार पात्यावरून उपटून उसवला, आतला चुंबक काढून खिशात घातला, आणि पर्समधला मनगटाचा पट्टा तोल्किनच्या हाताला सगळ्यांसमोर बांधला. दिसेल असा.

परतताना टॅक्सीत वहिनी माझ्या शेजारी बसली होती. वारा तराझचा, सगळं शहर हलवत होता. मी तिच्याकडे बघत नव्हते. माझा राग अजून तसाच होता, आणि तो कमी करायची मला काही घाई नव्हती.

अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "तुला नेली तेव्हा माझ्यासाठी कुणी असं भांडलं नाही गं."

"मग तू ओरडायचंस," मी म्हटलं. "तोंड होतं ना तुला."

"ओरडले होते," ती म्हणाली. "तू तान्ही होतीस, तुला कसं आठवेल. तुझी आजी म्हणाली, सुनेचा आवाज फार चढतो. मग सगळे हसले. त्यानंतर नाही ओरडले."

घर येईपर्यंत मी तिला वहिनी म्हटलं नाही. आईही म्हटलं नाही, जीभ वळेना. टॅक्सीवाल्यावरच ओरडले, सावकाश चालव म्हणून.